शृंगारकथांचे संच ऑनलाइन विकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बसून मराठीत शृंगारकथा लिहिणारे लोक कमी नाहीत. बँकेतले आहेत, शाळेत शिकवणाऱ्या आहेत, एक निवृत्त इंजिनिअरही आहेत. सुट्या कथा ई-बुक म्हणून टाकून झाल्या की बहुतेक सगळे एकाच टप्प्यावर अडतात : आता यांचा संच कसा काढायचा? मी स्वतः टोपणनावाने लिहिते आणि संच काढते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. तेच इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संच म्हणजे नेमकं काय? कथासंग्रह आणि संच यांत फरक आहे का?

आधी सुट्या विकलेल्या कथा एकाच फाइलमध्ये, एका मुखपृष्ठाखाली, एका किमतीला विकणं म्हणजे संच. एका मुखपृष्ठाखाली अनेक कथा, ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. लाडक्या दिवाळी अंकात आपण तेच तर वाचत आलो. फरक इतकाच की कथासंग्रहातला मजकूर बहुधा वाचकासाठी नवा असतो आणि संचातला काही भाग त्याने आधीच विकत घेतलेला असू शकतो. म्हणून वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'आधी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या सहा कथांचा संच' असं लिहा आणि सहाही नावं द्या. केडीपीच्या (अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक प्रकाशन सेवेच्या) नियमांनुसारही संच हा संच म्हणूनच सांगावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तीच कथा दुसऱ्यांदा विकत घेतल्याचं ज्याच्या लक्षात येतं तो वाचक परत येत नाही.

२. हे कायदेशीर आहे का? खरं सांगा.

प्रौढांनी प्रौढांसाठी शृंगार लिहिणं गुन्हा नाही. 'अश्लील' मजकूर विकणं मात्र गुन्हा आहे, आणि या दोहोंमधली रेषा शेवटी न्यायालय ठरवतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू आहे (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं २९२). त्यात इलेक्ट्रॉनिक मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन विक्रीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमंही लागतात. कलम ६७ खाली पहिल्या वेळी तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत, तर उघड लैंगिक कृतीच्या मजकुरासाठी ६७अ खाली पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. साहित्य, कला, विज्ञान किंवा ज्ञानाच्या हितासाठी केलेल्या लेखनाला दोन्ही कायद्यांत अपवाद आहे, पण तो सिद्ध करायची वेळ आली तर ती तुमच्यावर येते.

या कायद्याच्या घडणीत एक मराठी कथा मध्यभागी आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. कथा संपूर्ण वाचून ठरवा, सुटी वाक्यं काढून नव्हे, आणि समाजाचे निकष बदलत असतात, ही भूमिका त्या निकालात आहे. पुढे २०१४ च्या अवीक सरकार निकालाने जुनी इंग्रजी 'हिकलिन' कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनावर मजकुराचा काय परिणाम होईल ते पाहणारी) बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाच्या निकषांची कसोटी स्वीकारली. त्याआधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकासाठी डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले होते. तो खटला ते हरले. तरी आज आपण जे लिहू शकतो त्याची वाट तिथूनही जाते, असं मी मानते.

व्यवहारात याचा अर्थ असा की कथेत माणसं हवीत, त्यांची गोष्ट हवी, आणि शृंगार त्या गोष्टीतून यायला हवा. नुसत्या कृतींची जंत्री असेल तर तिला साहित्य म्हणून उभं करणं वकिलालाही जड जाईल. पहिला संच टाकण्याआधी एकदा वकिलाची फी भरा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ ज्या शहरात आहे, त्या शहरात वकील शोधायला लांब जावं लागत नाही.

३. कोणत्या विषयांना हातच लावायचा नाही?

अठरा वर्षांखालील पात्र कुठल्याही लैंगिक संदर्भात नको. मागच्या आठवणीत नको, सूचकही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब नुसत्या शब्दांत लिहिलेल्या मजकुरालाही लागतं, आणि इथे मला कायद्याच्या पलीकडे जाऊनही काही सवलत द्यायची नाही. बळजबरी, रक्ताच्या नात्यातला शरीरसंबंध आणि प्राणी हे विषय बहुतेक दुकानांत बंद आहेत किंवा वेगळी खूण करून लपवले जातात. संचासाठी हे जास्त का महत्त्वाचं, ते प्रश्न ११ मध्ये सांगितलं आहे.

४. मराठी संच विकायचा कुठे?

केडीपीवर मराठी ई-बुक स्वीकारलं जातं, आणि मराठी वाचकांची सगळ्यात मोठी वर्दळ तिथेच आहे असा माझा अनुभव आहे. प्रौढ मजकुराबाबत स्मॅशवर्ड्स जुनं आणि तुलनेने मोकळं दुकान आहे. ते २००८ पासून चालू आहे आणि २०२२ मध्ये ड्राफ्ट२डिजिटल या ई-बुक वितरण कंपनीत विलीन झालं. तिथे कथेत कोणते वर्ज्य विषय आहेत ते लेखकाला स्वतः नोंदवावं लागतं. ती नोंद प्रामाणिकपणे करा. स्वतःच्या संकेतस्थळावर विकायचा विचार असेल तर आधी प्रश्न ९ वाचा.

५. किंमत किती ठेवू? संच महाग ठेवला तर मला जास्त मिळतील ना?

नेहमी नाही. केडीपीवर दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. अमेरिकेतल्या विक्रीला ७० टक्के हवे असतील तर किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या आत हवी. आता हिशेब करा. ९.९९ ला विकलं तर साधारण ७ डॉलर हाती येतात (त्यातून फाइलच्या आकारानुसार थोडा डिलिव्हरी खर्च जातो). दहा कथांचा मोठा संच म्हणून १२.९९ लावले तर दर ३५ वर येतो आणि हाती साडेचार डॉलर राहतात. वाचक तीन डॉलर जास्त देतो आणि तुम्हाला अडीच डॉलर कमी मिळतात.

भारतातल्या विक्रीला ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये असावं लागतं. नाहीतर ३५ टक्केच. सिलेक्टची अट प्रश्न ६ मध्ये आहे. माझा स्वतःचा ठोकताळा साधा आहे : संचाची किंमत सुट्या कथांच्या बेरजेच्या अर्ध्याहून थोडी जास्त. त्याखाली गेलं की सुट्या कथांची विक्री मरते.

६. किंडल अनलिमिटेडमध्ये टाकू का? संचाला पानांचे पैसे जास्त मिळतात म्हणे.

अ‍ॅमेझॉनच्या या वर्गणीच्या वाचनसेवेत वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात हे खरं, आणि लांब संच सलग वाचला जातो हेही खरं. पण एका वाचकामागे एका पुस्तकाची जास्तीत जास्त ३,००० पानंच मोजली जातात, आणि भारतातल्या पानाचा दर पैशांत मोजावा लागतो.

अडचण दुसरीच आहे. अनलिमिटेडसाठी सिलेक्ट घ्यावं लागतं आणि सिलेक्ट म्हणजे ९० दिवस तो डिजिटल मजकूर इतर कुठेही नाही. हे बंधन मजकुरावर आहे. म्हणजे सहापैकी एकच कथा सिलेक्टमध्ये असली तरी ती कथा असलेला संच दुसऱ्या दुकानात ठेवता येत नाही. शिवाय ९० दिवस संपले की नोंदणी आपोआप पुढे सरकते, तुम्ही स्वतःहून बंद केली नाहीत तर. मी प्रत्येक कथेची मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवते. फोनमधली आठवण एका बोटाने पुसली जाते. भिंतीवरचं लाल वर्तुळ रोज दिसतं.

७. एकच कथा दोन-तीन संचांत चालेल का? म्हणजे 'पावसाळी संच' आणि 'ऑफिस संच', दोन्हींत?

एकदा चालून जाईल, सवय लावू नका. तीच कथा पुन्हा पुन्हा वेगळ्या गाठोड्यात बांधून पानं फुगवणाऱ्यांमुळे केडीपीने २०१८ मध्ये नियम कडक केले. मूळ पुस्तकाला जोडलेला जादा मजकूर साधारण १० टक्क्यांच्या आतच ठेवायचा आणि तो शेवटी द्यायचा. वारंवार तोच मजकूर दिसला तर खातं बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते, आणि एका माणसाला एकच खातं मिळतं. दुसऱ्या नावाने नवं खातं काढायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

८. कथांचा क्रम कसा लावू? सगळ्यात चांगली कथा शेवटी ठेवू का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे लेखक आणि विक्रेता एकाच खुर्चीवर बसतात. किंडलवर साधारण पहिला १० टक्के भाग नमुना म्हणून फुकट दिसतो. सुट्या छोट्या कथेत ती दोन-तीन पानं असतात. ३०० पानांच्या संचात ती ३० पानं होतात, म्हणजे अख्खी पहिली कथा फुकट वाचून होऊ शकते. म्हणून पहिली कथा लांब ठेवा, आणि नमुना तुटतो त्या जागेच्या जरा आधी पात्रांमध्ये काहीतरी अनुत्तरित राहील असं पाहा. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, आभार, सगळं शेवटी न्या. माझ्या पहिल्या संचात चौदा पानांची प्रस्तावना होती. वाचकाने नमुना उघडला की त्याला माझे विचार मिळायचे, गोष्ट मिळायचीच नाही.

सर्वात चांगली कथा दुसरी ठेवा. सर्वात हळवी शेवटी.

९. स्वतःची वेबसाइट काढून यूपीआयने पैसे घेतले तर कमिशन वाचेल ना?

कमिशन वाचेल, पैसे अडकतील. भारतातल्या पेमेंट गेटवेंच्या मनाई-यादीत प्रौढ वस्तू आणि सेवा असतात, आणि त्या कलमात बहुधा लैंगिक सूचकता असलेलं 'साहित्य'ही लिहिलेलं असतं. फॉर्ममध्ये 'ई-बुक विक्री' लिहून सुरुवात करता येते, पण तपासणी झाली की खातं गोठतं आणि त्यातली शिल्लकही. 'माझे पैसे काहून अडकून राहिले?' असं विचारणारे चौघं मला भेटले आहेत, चौघांचं कारण हेच. वैयक्तिक यूपीआयवर रोज पंचवीस अनोळखी लोकांकडून छोट्या रकमा येऊ लागल्या तर बँकेलाही प्रश्न पडतो.

हा दबाव आपल्याकडचाच आहे असं नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत पेपालने स्मॅशवर्ड्सला काही विषयांच्या कथा काढायला सांगितल्या होत्या. लेखक-वाचकांनी आवाज उठवल्यावर मार्चमध्ये पेपालने माघार घेतली. जुलै २०२५ मध्ये इच.आयओ या मुख्यतः गेम विकणाऱ्या संकेतस्थळाने पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे प्रौढ मजकूर शोधातून काढला. दुकान तुमचं असो की दुसऱ्याचं, पैशाची नळी दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून मूळ फाइल्स, मुखपृष्ठं आणि विक्रीचे अहवाल दर महिन्याला स्वतःकडे उतरवून ठेवा.

१०. मुखपृष्ठ, शीर्षक आणि जाहिरात यांत काय चालतं?

आत प्रौढ मजकूर चालतो, बाहेर नाही, हे सूत्र धरा. शीर्षकात अवयवांची आणि कृतींची नावं नकोत, मुखपृष्ठावर नग्नता नको. भिजलेली खिडकी, सैल झालेला गजरा, उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या दोन चपला यांनी मराठी वाचकाला पुरेसं कळतं. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही लक्षात ठेवा. फोटो गुगलवरून उचलू नका. त्या फोटोतली बाई खरी आहे आणि तिने तुमच्या मुखपृष्ठाला होकार दिलेला नाही. चित्र किंवा मजकूर एआयने तयार केला असेल तर केडीपीवर तसं सांगावं लागतं.

अ‍ॅमेझॉनवर शृंगारकथांची जाहिरात करता येत नाही. प्रौढ म्हणून खूण झालेलं पुस्तक साध्या शोधातही दिसेनासं होऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक सुट्या कथेच्या शेवटी संचाचा दुवा द्या. ती जागा तुमची आहे आणि फुकट आहे.

११. माझा अख्खा संच काढून टाकला! सात कथा तर आधीपासून सुरू होत्या. आता?

संचातली एक कथा अडली की संच अडतो. सुट्या कथा विकताना एक गेली तर एकच जाते. संचात सगळ्यांचं नशीब एका फाइलला बांधलेलं असतं. म्हणून संच बांधताना प्रत्येक कथा नव्याने वाचा, ती कितीही दिवस विनातक्रार विकली गेली असली तरी.

माझ्या बाबतीत हे झालेलं आहे. आठ कथांचा संच एका दुकानाने काढला. कारण म्हणून दोन ओळींचा साचेबद्ध मेल आला. आधी राग आला. मग रात्री आठही कथा छापून घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसले. सहाव्या कथेत नायक रात्रीच्या गाडीने घरी येतो आणि बायको झोपलेली असताना तिच्या जवळ जातो. मी ते प्रेमाने लिहिलं होतं. पण पानावर तिचा होकार कुठेच नव्हता. तिचे डोळेसुद्धा उघडत नव्हते. मी एक वाक्य बदललं. आता ती जागीच असते, गाडीची वेळ तिला पाठ असते, आणि पहिलं बोलते तीच : 'आज पाऊण तास उशीर.' तेवढ्याने कथा तिची झाली, आणि ती आधीपेक्षा कितीतरी जास्त तापली. दुरुस्त फाइल, कोणत्या पानावर काय बदललं याची नोंद आणि नम्र पत्र पाठवलं. संच परत आला.

तुम्हीही हाच क्रम ठेवा : शोधा, दुरुस्त करा, लिहा. न बदलता तीच फाइल नव्या नावाने टाकू नका.

१२. आम्ही पाच जणी मिळून संच काढतोय. पैसे कोणाच्या खात्यात?

एकीच्याच खात्यात येतील, म्हणून कागद आधी करा, मैत्री कितीही जुनी असो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतला मराठी वाचक त्यात सुटतो. मी तर हस्तांतरण घेतच नाही. 'या संचापुरती, दोन वर्षांची, जगभरासाठी परवानगी' एवढंच घेते. प्रत्येकीची कथा तिचीच राहते.

वाटणी पानांवर करायची की समान, हे ठरवा. मी समान वाटणीच्या बाजूची आहे. पानांवर वाटलं की कथा उगाच लांबतात. केडीपीचे पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, म्हणजे मार्चची विक्री मेअखेर. ही तारीखही कागदावर लिहा, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. एखादी मधूनच बाहेर पडली तर संच किती दिवसांत बदलायचा, तेही.

१३. टोपणनाव घेतलं तर घरी, ऑफिसात कळेल का?

वाचकाला फक्त टोपणनाव दिसतं. दुकानाला खरं नाव, पॅन आणि बँक खातं द्यावंच लागतं, ते टाळता येत नाही. अमेरिकी करासाठी डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरताना पॅन दिला की तिथल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. हे उत्पन्न भारतात विवरणपत्रात दाखवायचं असतं. तुमच्या सीएला कळणार. चांगला सीए पुस्तकाचं नाव विचारत नाही.

खरी गळती इतर ठिकाणी होते : फाइलच्या गुणधर्मांत राहिलेलं खरं नाव, घरच्यांसोबत वाटून घेतलेलं किंडल खातं, आणि टोपणनावाच्या मेलला लावलेला स्वतःचा फोटो. सरकारी नोकरीत असाल तर तुमचे सेवानियम आधी वाचा.

१४. कथा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत. चालतील?

चालणार नाहीत. सीताबर्डीवरच्या डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल ई-बुकात नुसती अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर 'ऱ्या', 'र्‍हा', 'ॲ', 'द्ध' आणि रफार एकेक करून तपासा. संचात वेगवेगळ्या वर्षांच्या फाइल्स एकत्र येतात, त्यामुळे एका कथेत 'शृंगार' आणि दुसऱ्यात 'श्रुंगार' असंही होतं. आयएसबीएन केडीपीला लागत नाही. हवाच असेल तर भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि संचाला सुट्या कथांपेक्षा वेगळा लागतो.

१५. 'सत्यकथा' असं लिहिलं की जास्त खपतं. लिहू का?

नको. कथा खोटी असेल तर ती वाचकाची फसवणूक, खरी असेल तर त्यातल्या माणसाचा विश्वासघात. धरमपेठेतली गल्ली, कोपऱ्यावरचं मेडिकल आणि नायिकेची नोकरी इतकं जुळलं की नाव बदलूनही सगळ्यांना कळतं. बदनामीचा दावा सोडा, त्या बाईला रोज त्याच गल्लीतून जायचं असतं. शहर खरं ठेवा, माणूस पूर्ण नवा घडवा.

१६. माझा संच टेलिग्रामवर फुकट फिरतोय.

दुवा, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून लेखी तक्रार करा. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे तक्रार आल्यावर मध्यस्थाने (इथे टेलिग्रामने) ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. त्यानंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. तक्रारीत खरं नाव द्यावं लागतं, म्हणून टोपणनाववाल्यांनी वकिलामार्फत पाठवावी.

१७. मी टोपणनावाने लिहितो. माझ्यानंतर या संचांचं काय?

एका वाचकाने विचारलं, वय सत्तरच्या पुढे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पण टोपणनावाच्या लेखनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्या मुदतीत खरी ओळख उघड झाली तर मात्र मृत्यूनंतरची ६० वर्षं लागू होतात. त्यांनी मग एक पाकीट केलं. आत टोपणनाव, सगळ्या संचांची यादी, बँक खातं आणि पहिल्या कथेचं हस्तलिखित. पाकिटावर मुलीचं नाव घातलं, मृत्युपत्रात त्याचा उल्लेख केला आणि ते लॉकरमध्ये ठेवलं. मुलीला सांगू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच सांगितलं. तिने त्यांचा दुसरा संच आधीच वाचलेला होता.